जुन्या राइड्स जपाव्यात, बदलाव्यात की पाडाव्यात?

भिंगरी

नमस्कार. गेल्या महिन्यात मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला एका थीम पार्कमध्ये घेऊन गेले होते. तिच्याच वयाची असताना मी तिथे पहिल्यांदा गेले होते. पार्कचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा धागा तक्रारीसाठी काढलेला नाही.

तिथे भुताच्या वाड्याची एक राइड होती. दोन माणसांची गाडी अंधारातून रुळावरून डुगडुगत जायची आणि तिसऱ्या वळणावर एका पेटीतून सांगाडा उठून बसायचा. त्याचे खदखदून हसणे आधी ऐकू यायचे आणि जबडा मात्र क्षणभर उशिरा हलायला लागायचा, त्यामुळे भीती वाटण्याऐवजी आम्हा भावंडांना हसू फुटायचे. त्या उशिरा हलणाऱ्या जबड्याची नक्कल आम्ही पुढे कित्येक वर्षे घरी करत होतो, आणि मुलीलाही ती मी करून दाखवली होती.

आता ती राइड पूर्ण बदललेली आहे. पेटी नाही, सांगाडा नाही; तीन बाजूंना मोठे पडदे आहेत आणि गाडी पडद्यांवरच्या चित्रांबरोबर गिरक्या घेते. मुलगी बाहेर आली ती थेट पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. मी मात्र तिच्या आनंदात मनापासून सहभागी होऊ शकले नाही, आणि त्याची मला थोडी लाजही वाटली.

म्हणून विचारते: जुन्या राइड्स आहेत तशा जपाव्यात, काळानुसार बदलाव्यात की सरळ पाडून नव्या उभाराव्यात? आणि आपण जे परत मागतो ती खरोखर ती राइड असते, की आपले नववे वर्ष?

साशंक

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे. आपल्याला नववे वर्षच हवे असते, आणि ते कोणत्याही पार्कला तिकीट लावून विकता येत नाही. मुलगी पुन्हा रांगेत उभी राहिली, म्हणजे राइडने आपले काम चोख केले. थीम पार्क ही करमणुकीची जागा आहे, संग्रहालय नव्हे.

मागचा_डबा

साशंक यांच्याशी मी सहमत नाही. काही राइड्स करमणूक करता करताच वारसा झालेल्या आहेत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा सायक्लोन हा लाकडी रोलर कोस्टर १९२७ पासून उभा आहे. १९७० च्या दशकात तो पाडून ती जागा शेजारच्या मत्स्यालयाला देण्याचा विचार होता, लोकांनी विरोध केला म्हणून तो वाचला, आणि १९८८ मध्ये शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. आज तिथे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे बालपण त्या राइडशी जोडलेले असेल, तरीही लोक रांग लावतात. म्हणजे सगळाच मामला आपल्या नवव्या वर्षाचा नसतो.

मेलबर्नच्या ल्यूना पार्कमधील सीनिक रेल्वे १९१२ ची आहे आणि कोपनहेगनच्या टिवोलीमधील रुत्शेबानेन १९१४ ची. या दोन्ही लाकडी कोस्टरमध्ये गाडीवर ब्रेक लावणारा माणूस स्वार असतो, आणि उतारावर वेग किती ठेवायचा हे तो हाताने ठरवतो. एकाच राइडच्या दोन फेऱ्या अगदी सारख्या होत नाहीत, ही गंमत संगणकावर चालणाऱ्या राइडमध्ये मिळत नाही.

मणका

सदस्यनामावरून माझी बाजू लक्षात आली असेलच. लाकडी कोस्टरचे गोडवे गाणाऱ्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर शेवटच्या डब्यात बसून दाखवावे. मी बसलो होतो. वारसा माझ्या कमरेत अजून शिल्लक आहे.

निर्विकार

मणका यांच्या कमरेला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळावा, असा ठराव मी मांडतो.

खिट्टी

मी तीस वर्षे राइड्सच्या देखभालीचे काम केले, आता निवृत्त आहे. धागा आवडला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मणका यांच्यासाठी. लाकडी कोस्टर धक्के देतो तो केवळ वयामुळे नव्हे. त्याच्या रुळाखाली लाकडी फळ्यांचे सहसा सात-आठ थर एकावर एक ठोकलेले असतात आणि त्यावर पोलादी पट्टी बसवलेली असते. पावसात लाकूड फुगते, उन्हात आकसते, आणि ज्या खोलगट जागी गाडीचा सगळा भार पडतो तिथे थर दबून खड्डे तयार होतात. ते वेळेवर उघडून नव्या फळ्या घातल्या तर शंभर वर्षांचा कोस्टरही चांगला धावतो. त्यात हयगय केली तर पाच वर्षांचाही हाडे खिळखिळी करतो. सकाळी पार्क उघडण्यापूर्वी एक माणूस हातोडी घेऊन तो सबंध रूळ पायी चालतो, सैल खिळे ठोकतो, बोल्ट आवळतो. हे काम मी अनेक वर्षे केले आहे. आणखी एक गोष्ट: दिवसभर गाड्या धावून वंगण गरम झाले की लाकडी कोस्टर संध्याकाळी सकाळपेक्षा वेगात पळतो. ज्यांना कंबर सांभाळायची आहे त्यांनी सकाळी आणि मधल्या डब्यात बसावे.

आता मूळ प्रश्न. राइड किती जगेल हे तिच्या वयावरून सांगता येत नाही. ती दुरुस्त करायला काय लागते यावरून सांगता येते. साखळीने वर ओढायचे आणि पुढे गुरुत्वाकर्षणावर सोडून द्यायचे, एवढेच ज्या यंत्राचे गणित आहे, ते चांगला सुतार आणि चांगला फिटर मिळून कायम चालू ठेवू शकतात. याउलट न्यू जर्सीच्या एका पार्कमधील किंगडा का ही राइड पाहा. २००५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा १३९ मीटर उंचीची, जगातली सर्वांत उंच कोस्टर होती. द्रवदाबाच्या जोरावर ती गाडीला साडेतीन सेकंदांत ताशी २०० किलोमीटरच्या पुढे नेत असे. ती २०२४ मध्ये बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचा मनोरा स्फोट घडवून पाडण्यात आला. १९२७ चा सायक्लोन चालू आहे आणि २००५ चा विक्रमवीर भंगारात गेला. यंत्र जितके गुंतागुंतीचे, तितके ते आपल्या निर्मात्यावर आणि त्याच्या सुट्या भागांवर अवलंबून राहते. राइड बनवणारी कंपनी बुडाली की पार्कवाले त्याच जातीच्या बंद पडलेल्या राइड्स शोधत फिरतात, त्यांचे भाग काढून आणण्यासाठी. मीही फिरलो आहे.

तळटीप

खिट्टी यांच्या उत्तम प्रतिसादात एक पुरवणी. १९६० पासून पुढे ज्यांच्या पोलादी कोस्टर जगभर गाजल्या, त्या अ‍ॅरो कंपनीने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि पुढच्या वर्षी तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीने घेतली. १९५९ ची डिस्नीलँडमधली मॅटरहॉर्न ही गोल पोलादी नळीच्या रुळावर धावणारी पहिली कोस्टर त्यांनीच बनवली होती, आणि ती आजही चालते. तेव्हा निर्माता गेला म्हणजे राइड गेलीच, असे नाही.

खिट्टी

मान्य आहे. मात्र मॅटरहॉर्नच्या मागे भक्कम पैसा आणि स्वतःची कर्मशाळा असलेला मालक आहे. लहान पार्ककडे ते नसते.

अ‍ॅरोच्या जुन्या कोस्टरमध्ये मान का हिसकते, हेही सांगून टाकतो. त्या काळी वळणांची आखणी कागदावर हाताने होत असे. सरळ रुळातून वळणात शिरताना कल किती हळूहळू वाढवावा याचे बारीक गणित आजच्यासारखे संगणकावर मांडता येत नव्हते. म्हणून गाडी वळणात सरकत नाही, आदळते, आणि खांद्यावरच्या पट्ट्यांवर कान आपटतात. हा म्हातारपणाचा दोष नसून जन्माचा आहे, आणि कितीही वंगण घातले तरी तो जात नाही. अशा राइडबद्दल मला स्वतःला फारसा उमाळा येत नाही.

संधिप्रकाश

मी जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते, म्हणून मला इथे एक वेगळाच प्रश्न दिसतो. लाकडी कोस्टरच्या फळ्या दर वर्षी थोड्या थोड्या बदलतात, म्हणजे काही दशकांत मूळचे लाकूड जवळजवळ उरतच नाही. मग आपण नेमके काय जपले?

व्हिएन्नाचे रीझनराड हे महाकाय चक्र १८९७ चे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये ते जळाले आणि युद्धानंतर पुन्हा उभारले गेले, पण आधीच्या तीस डब्यांऐवजी पंधराच डबे बसवून. तरीही कोणी त्याला १९४७ चे चक्र म्हणत नाही. इंग्लंडमध्ये मार्गेटची सीनिक रेल्वे १९२० ची. २००८ च्या आगीत तिचा मोठा भाग जळाला, पण ती आधीच संरक्षित वारसायादीत असल्यामुळे ती पाडून जागा मोकळी करणे सोपे नव्हते. २०१५ मध्ये ती पुन्हा धावली. लाकूड नवे होते. आराखडा आणि जागा जुनी होती.

इमारतींच्या क्षेत्रात आम्ही द्रव्य जपायचे की रूप, यावर वर्षानुवर्षे भांडतो. राइडच्या बाबतीत मात्र तिसरी गोष्ट जपावी लागते, ती म्हणजे हालचाल. बंद करून रंगरंगोटी केलेला कोस्टर म्हणजे पेंढा भरलेला वाघ. पेनसिल्व्हेनियातील लीप-द-डिप्स हा आज उभ्या असलेल्या रोलर कोस्टरपैकी सर्वांत जुना, १९०२ चा. १९८५ मध्ये तो बंद पडला, १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, आणि तरीही तो पुन्हा धावेपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, त्यासाठी झटणारी माणसे थांबली नाहीत.

मागचा_डबा

लीप-द-डिप्सचा उल्लेख केल्याबद्दल आभार. त्याची उंची जेमतेम साडेबारा मीटर आहे आणि गाडी सायकलच्या वेगाने जायची, तरी त्यात छातीत धस्स व्हायचे, कारण गाडीला रुळाखालून धरून ठेवणारी चाकेच नाहीत. ती चाके जॉन मिलर यांनी नंतर आणली. त्यांचे पेटंट १९१९ चे. आज आपण ज्याला रोलर कोस्टर म्हणतो, त्याचे उंच चढ आणि तीव्र उतार त्या चाकांमुळेच शक्य झाले. १९०२ ची राइड चालू असल्याखेरीज, चाकांपूर्वीच्या लोकांना नेमके काय वाटत होते हे कसे समजणार? चित्रफीत पाहून पोटात गोळा येत नाही.

हालचालीवरून आणखी एक आठवण. नोबल्स पार्कमधील फिनिक्स मूळचा टेक्सासमधील सॅन अँटोनियोचा, १९४७ चा. तिथले पार्क बंद पडले, तेव्हा त्याच्या लाकडांना क्रमांक घालून तो अख्खा उतरवला, पेनसिल्व्हेनियात आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा जोडला. आज लाकडी कोस्टरच्या चाहत्यांमध्ये त्याचे नाव फार वरचे आहे. तेव्हा पर्याय तीनच आहेत असे नव्हे; जपणे, बदलणे आणि पाडणे यांच्या जोडीला राइड दुसरीकडे नेणे हाही मार्ग आहे.

साशंक

उदाहरणे रंजक आहेत, पण ती वाचलेल्यांची आहेत. जी शेकडो लाकडी कोस्टर गेल्या शतकात पाडली गेली, त्यांपैकी बऱ्याच नुसत्या वाईट असतील. जे उरले ते चांगले म्हणून उरले, आणि आता ते जुने म्हणून चांगले असे आपण म्हणतो आहोत.

शिवाय सुरक्षिततेवर कोणी बोलत नाही. मुलांना जुन्या यंत्रात बसवताना मला तरी शांत वाटत नाही.

खिट्टी

वाचलेल्यांविषयीचा तुमचा मुद्दा बरोबर आहे. सुरक्षिततेचा अर्धा बरोबर आहे.

पोलाद बाहेरून चकचकीत दिसते, पण लाखो फेऱ्यांनंतर ते आतून थकते आणि जोडाजवळ केसासारखा तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जोड चुंबकित करून त्यावर लोखंडाचे बारीक चूर्ण टाकतात. तडा असेल तर चूर्ण तिथे रेघेसारखे जमते. हंगाम संपला की गाड्या शेवटच्या बोल्टपर्यंत उघडून अशी तपासणी करायची असते. हे करणाऱ्या पार्कमधील पन्नास वर्षांच्या राइडमध्ये मी नातवंडांना निर्धास्त बसवेन.

आणि नवे म्हणजे सुरक्षित, हेही गृहीत धरू नका. अमेरिकेतील फ्यूरी ३२५ ही कोस्टर २०१५ ची. जून २०२३ मध्ये तिच्या एका खांबाला आरपार तडा गेल्याचे पार्कमध्ये आलेल्या एका पाहुण्याच्या लक्षात आले, तेव्हा तिचे वय आठ वर्षे होते. खांब बदलून ती त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली.

मात्र जुन्या राइड्सची एक गोष्ट मला खरोखर खटकत असे. पूर्वी दोघांच्या मांडीवर मिळून एकच दांडा असायचा. शेजारी धिप्पाड माणूस बसला की दांडा त्याच्या पोटाशी अडायचा आणि लहान मूल मोकळेच राहायचे. पुष्कळ जुन्या गाड्यांना आता प्रत्येकासाठी वेगळा दांडा बसवला आहे. काही चाहत्यांना तो बदल रुचला नाही. मला त्यांची हळहळ समजते, पण माझे मत दांड्याच्या बाजूने आहे.

निर्विकार

म्हणजे लहानपणी मी काकांच्या शेजारी बसून जो हवेत तरंगण्याचा आनंद घेत होतो, तो अभियांत्रिकीचा चमत्कार नसून काकांच्या पोटाचा प्रताप होता. एक आठवण कायमची बिघडली.

उतरंड

बराच वेळ वाचत होते, आता लिहिते. मी चाकाची खुर्ची वापरते. भिंगरीताई, तुमच्या सांगाड्याचे वर्णन वाचून मलाही गंमत वाटली, पण तशा राइड्सपर्यंत मी कधी पोहोचलेच नाही. अरुंद जिने, हात-दीड हात रुंदीच्या रांगा, थांबायलाच तयार नसलेल्या गाड्या. माझी भावंडे आत जात आणि मी बाहेर सगळ्यांच्या चपला-पिशव्या सांभाळत बसे. त्या राइड्सबद्दलची माझी आठवण म्हणजे आतून येणाऱ्या किंकाळ्या.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या राइडचे नूतनीकरण झाले. उतरण बांधली, फाटक रुंद केले आणि एक डबा असा ठेवला की मला खुर्चीवरून त्यात सरकता येते. चाळिशीत मी पहिल्यांदा आत गेले. जुने जाणकार म्हणत होते की राइडची मजा गेली. मला तुलना करता आली नाही, कारण माझ्याकडे तुलनेला काहीच नव्हते.

जतन करू नये असे मी म्हणत नाही. पण कोणाच्या आठवणी जपायच्या हे ठरवताना बाहेर बसलेल्यांची मोजणीही करावी, एवढेच.

संधिप्रकाश

उतरंड, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. जतनाच्या आराखड्यात प्रवेशाचा मार्ग हा नंतर चिकटवायचा भाग नव्हे, हे आम्ही इमारतींच्या बाबतीतही उशिराच शिकलो. आराखडा तोच ठेवूनही फाटक रुंद करता येते. त्यासाठी राइड पाडावी लागत नाही.

मागचा_डबा

याच संदर्भात नेमेसिसचे उदाहरण घ्यावे लागेल. इंग्लंडमधील ही पोलादी कोस्टर १९९४ ची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद केली, रूळ काढून त्याच वळणांचा नवा रूळ बसवला, आणि मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. रूप तेच, द्रव्य नवे. याच्या नेमके उलट टेक्सास जायंटचे झाले. १९९० च्या त्या लाकडी कोस्टरचा सांगाडा बराचसा ठेवला आणि वर पोलादी रूळ टाकून २०११ मध्ये पूर्ण वेगळी राइड उभी केली. तिथे द्रव्य काही अंशी जुने राहिले आणि रूप गेले. मला दुसरी राइड जास्त आवडते, हे कबूल करायला मला वेळ लागला.

तळटीप

थोडे अवांतर. सगळ्याच राइड्स गंजून किंवा थकून जात नाहीत, काहींचा विषयच लोकांना नकोसा होतो. डिस्नीच्या अमेरिकेतील दोन पार्कमधील स्प्लॅश माउंटन २०२३ मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये तोच डोंगर आणि तोच पाण्याचा उतार ठेवून वेगळ्या कथेची राइड सुरू झाली, कारण मूळ कथा ज्या चित्रपटावर आधारलेली होती त्यातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर दीर्घकाळ आक्षेप होते. म्हणजे यंत्र जपले आणि गोष्ट बदलली. बंद होण्याच्या सुमारास त्या राइडमधले पाणी बरण्यांत भरून काहींनी ऑनलाइन विक्रीला काढले होते, अशा बातम्या आल्या होत्या.

निर्विकार

तीर्थ म्हणून घ्यायचे असेल.

साशंक

तळटीप यांचे उदाहरण मला पटते, आणि त्यामुळे माझीच आधीची भूमिका थोडी सैल करावी लागते. पाडणे आणि जपणे यांच्यामध्ये बरीच जागा आहे, हे मान्य. पण भिंगरी यांच्या भुताच्या वाड्याचे काय? तिथे रूळ किंवा वळणे जपण्यासारखी नव्हती. जपण्यासारखा होता तो एक बिघडलेला सांगाडा.

भिंगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. उतरंड, तुमचा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. तिने विचारले की आपल्या राइडला उतरण आहे का. मला आठवेना. पुढच्या वेळी पाहीन.

साशंक यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. सांगाडा तसाच ठेवा असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? पण खिट्टीकाका, एक विचारायचे राहिले. पडद्यांची राइड तरी टिकेल का?

खिट्टी

माझ्या अंदाजाने ती तुमच्या सांगाड्याइतकी टिकणार नाही. पडदा आणि प्रोजेक्टर ही सर्वांत लवकर जुनी होणारी सामग्री आहे. दहा वर्षांनी घरचा दूरचित्रवाणी संच त्याहून स्पष्ट चित्र दाखवतो आणि मुलांना ते लगेच कळते. याउलट डिस्नीलँडमधील १९६९ चा हाँटेड मॅन्शन घ्या. तिथल्या दिवाणखान्यात नाचणारी भुते ही मोठ्या काचेवरची प्रतिबिंबे आहेत. ही युक्ती लंडनच्या रंगमंचावर १८६२ मध्ये जॉन हेन्री पेपर यांनी गाजवली होती. काच, दिवा आणि अंधार एवढेच त्यात लागते. काचेची नवी आवृत्ती येत नाही, म्हणून ती जुनी होत नाही.

तेव्हा तुमची मुलगी तिशीत असताना त्या पडद्यांसाठी हळहळणारा धागा काढण्याची शक्यता बरीच आहे.

आता तुमच्या सांगाड्याविषयी. त्याचा जबडा दाबलेल्या हवेवर चालत असावा. आवाज आणि हवेची झडप एकाच वेळी सुरू होतात, पण नळी कुठे गळत असेल तर हवेचा दाब पुरेसा व्हायला वेळ लागतो. मग हसणे आधी ऐकू येते आणि जबडा मागून हलतो. पाच मिनिटांचे काम आहे. कोणीतरी वर्षानुवर्षे केले नाही.

प्रथमपुरुष

भिंगरीताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून पार्कचे नाव विचारले आणि माझी शंका खरी ठरली. ही राइड नवी होती तेव्हा, म्हणजे तुमच्या कितीतरी वर्षे आधी, मी तिच्यात बसलो आहे.

आमच्या वेळी जबडा अगदी वेळेवर हलायचा. पेटीचे झाकण उघडायचे, सांगाडा एका झटक्यात उठायचा आणि आमच्याकडे मान वळवून हसायचा. माझी धाकटी बहीण त्यानंतर आठवडाभर दिवा लावून झोपली. ती राइड विनोदी होती असे मला हा धागा वाचेपर्यंत माहीतच नव्हते. आजही ते हसणे आठवले की अंगावर काटा येतो.

भिंगरी

म्हणजे तुम्ही ज्याला घाबरलात त्यालाच आम्ही हसत होतो, आणि मुलीला मी आयुष्यभर एका गळक्या नळीची नक्कल करून दाखवली!

तुमच्या बहिणीला हा धागा नक्की वाचायला द्या. त्यांना सांगाड्याची मान कोणत्या बाजूला वळायची तेही आठवत असेल तर कृपया विचारा, कारण माझ्या काळी ती वळतच नव्हती.

खिट्टी

मान वळत नव्हती? मग दुसरी नळीसुद्धा गेली असणार.